एमएससीचं उत्पादन वाढवताना : फ्लास्कपासून ५० लिटरच्या बायोरिॲक्टरपर्यंत

मेसेन्कायमल स्ट्रोमल पेशी, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत एमएससी (अस्थिमज्जेसारख्या ऊतींतून काढून उपचारासाठी वापरतात त्या पेशी), वाढवणं तसं अवघड नाही. त्या प्लास्टिकला चिकटतात, दीड-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि फारसे नखरे करत नाहीत. खरी कसोटी पुढे लागते. पृष्ठभागावरून सोडवायचं, धुवायचं, गाळायचं, बॅगेत भरून गोठवायचं, आणि एवढ्या धबडग्यात त्यांचे मूळ गुण टिकवायचे. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करावी : आधी बॅगा, मग हार्वेस्ट (वाढलेल्या पेशी काढून घेणं), मग बायोरिॲक्टर (पेशी वाढवायची टाकी), आणि शेवटी पेशीपेढी (गोठवून ठेवलेल्या पेशींचा साठा). पुष्कळदा याच्या उलट होतं. मोठा रिॲक्टर आधी येतो, आणि त्यातला माल वेळेत बॅगेत भरता येत नाही हे पहिल्या बॅचच्या दिवशी कळतं.

इथे एका दात्याच्या पेशींपासून अनेक रुग्णांसाठी तयार होणाऱ्या उत्पादनाचा विचार केला आहे. रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरायच्या असतील तर रिॲक्टर मोठा करून उपयोग नसतो. तिथे छोट्या बंद यंत्रांची संख्या वाढवावी लागते.

हिशेब उलटा मांडा

मात्रा वजनावर ठरते. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेल्या रेमेस्टेमसेल या एमएससीच्या औषधाची मात्रा किलोमागे २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे अशी आहे. हाच आकडा धरला तर ६० किलोच्या रुग्णाला एका वेळी १२ कोटी जिवंत पेशी लागतात. गोठवून वितळवल्यावर ८० टक्के हाती येतात असं धरलं तर बॅगेत १५ कोटी भराव्या लागतील.

आता ५० मात्रांची बॅच घ्या. चाचण्यांसाठी आणि राखीव नमुन्यांसाठी आणखी ५ बॅगा धरून ५५ बॅगा, म्हणजे ८२५ कोटी पेशी. मण्यांवरून (पेशी चिकटून वाढतात त्या बारीक कणांवरून) सोडवताना ९० टक्के, गाळताना ९३, घट्ट करताना ९० आणि भरताना ९३ टक्के पेशी हाती राहतात असं मानलं तर एकूण ७० टक्के उरतात. प्रत्येक पायरीवरची घट किरकोळ वाटते, पण गुणाकार तीस टक्के खाऊन टाकतो. म्हणजे हार्वेस्टच्या आधी पृष्ठभागावर साधारण १,१८० कोटी पेशी हव्यात. चौरस सेंटिमीटरला ३०,००० पेशी धरल्या, तर ३.९३ लाख चौरस सेंटिमीटर जागा लागेल.

एवढी जागा म्हणजे सुमारे २,२५० टी-१७५ फ्लास्क (१७५ चौरस सेंटिमीटरच्या बाटल्या), किंवा ६,३६० चौरस सेंटिमीटरचे दहा थरांचे ६२ स्टॅक (एकावर एक थर रचलेल्या पेट्या), किंवा ग्रॅममागे ३६० चौरस सेंटिमीटर देणारे जवळपास १.१ किलो प्लास्टिकचे मायक्रोकॅरिअर मणी. लिटरला २२ ग्रॅम मणी टाकले तर ५० लिटरचा रिॲक्टर पुरतो.

स्टॅकना नावं ठेवायचं कारण नाही. वीस-तीस स्टॅकपर्यंत तो मार्ग स्वस्त, ओळखीचा आणि नियामकाला समजावायला सोपा आहे. पुढे मात्र दर स्टॅकमागे सव्वा-दीड लिटर द्रव, थरांमध्ये ते समपातळीत आणण्याची कसरत, आणि शेवटच्या स्टॅकला एन्झाइम लागेपर्यंत पहिल्यातल्या पेशी सुटून ताटकळत बसलेल्या, हे सगळं हाताबाहेर जातं.

पेशीपेढी आणि दुपटींची मर्यादा

दात्याच्या तपासण्या (एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, एचटीएलव्ही, सीएमव्ही) झाल्यावर मास्टर बँक (मूळ गोठवलेला साठा), आणि तिच्यातून वर्किंग बँक (बॅचसाठी वापरायचा साठा). मोजायची ती दुपटींची संख्या. पॅसेजच्या (पेशी सोडवून नव्या जागेत पेरण्याच्या फेऱ्यांच्या) आकड्यावरून काही समजत नाही, कारण एक पॅसेज दोन दुपटींचा असू शकतो आणि चारचाही. अंतिम उत्पादन विसेक दुपटींच्या आत राहील असं पाहावं. त्यापुढे पेशी मोठ्या आणि चपट्या व्हायला लागतात, बीटा-गॅलॅक्टोसायडेजच्या चाचणीत निळ्या रंगतात (पेशी म्हाताऱ्या झाल्याची खूण), वाढीचा वेग मंदावतो आणि दात्यादात्यातला फरक ठळक होतो.

आपल्या बॅचसाठी मालिका अशी बसते. एक-एक कोटीच्या चार व्हायल वितळवा, ३.२ कोटी जिवंत पेशी मिळतील. त्या एका दहा-थरी स्टॅकमध्ये चौरस सेंटिमीटरला ५,००० या दराने पेरा. चार-पाच दिवसांनी १९ कोटी पेशी निघतील. त्या आठ स्टॅकमध्ये ३,७५० च्या दराने जातील. तिथून १५० कोटींच्या आसपास पेशी मिळतील, आणि त्या रिॲक्टरमधल्या मण्यांवर चौरस सेंटिमीटरला ३,८०० ते ३,९०० या दराने बसतील. तिन्ही टप्पे मिळून साडेआठ दुपटी होतात. म्हणजे वर्किंग बँक अकरा-बारा दुपटींच्या आत गोठवलेली हवी. बँक करताना एक जादा पॅसेज घेऊन व्हायलची संख्या वाढवण्याचा मोह होतो. त्याची किंमत पुढची प्रत्येक बॅच मोजते.

माध्यम

गायीच्या भ्रूणाचं सीरम, म्हणजे एफबीएस, की मानवी प्लेटलेट लायसेट, म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट फोडून काढलेला अर्क? लायसेट ५ ते १० टक्के घातलं तर पेशी वेगाने वाढतात आणि प्राणिजन्य घटकांचा प्रश्न सुटतो. पण त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन असतं आणि माध्यमातल्या कॅल्शियममुळे जेली धरते. म्हणून मिलिलिटरला २ युनिट हेपरिन आधी माध्यमात मिसळा, आणि मगच लायसेट घाला. क्रम चुकला तर गुठळ्या फिल्टर बंद पाडतात, आणि स्टिररच्या टाकीत मण्यांना चिकटून बसतात. लायसेट अनेक दात्यांचं एकत्र केलेलं आणि विषाणू निष्क्रिय केलेलं घ्या. प्रत्येक नवा लॉट जुन्या लॉटबरोबर किमान दोन पॅसेज समांतर चालवून पाहिल्याशिवाय उत्पादनात घेऊ नका.

मणी

दोन घराणी आहेत. सायटोडेक्स-१ सारखे फुगणारे डेक्स्ट्रानचे मणी कोरड्या ग्रॅममागे ४,४०० चौरस सेंटिमीटर जागा देतात, म्हणून लिटरला ३ ग्रॅम पुरतात. मात्र ते रात्रभर पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) फुगवून ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावे लागतात, आणि मऊ असल्यामुळे गाळणीतून दाबून निसटतात. भरीव प्लास्टिकचे मणी जास्त लागतात, पण ते गाळायला सोपे आणि निर्जंतुक करून तयार मिळतात. शिरेतून द्यायच्या औषधात मण्याचा एक कणही चालत नाही; म्हणून जागेचा हिशेब थोडा महाग पडला तरी प्लास्टिक बरं. तिसरा पर्याय विरघळणाऱ्या मण्यांचा : पॉलिगॅलॅक्टुरोनिक आम्लाचे, कॅल्शियमने बांधलेले मणी ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) आणि पेक्टिनेज (मणी पचवणारं एन्झाइम) घातलं की नाहीसे होतात. यात गाळायची कटकट वाचते, पण पेक्टिनेज शेवटच्या बॅगेत उरलं नाही हे सिद्ध करण्याचं काम वाढतं.

मणी माध्यमात टाकून ३७ अंशांवर, पीएच ७.२ ते ७.४ वर स्थिर होऊ द्या, पेशी नंतर.

पेरणी

इथे एक छोटं गणित कामाला येतं. १७० मायक्रॉनच्या मण्याचं क्षेत्रफळ ०.०००९ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला ४,००० पेशी म्हणजे मण्यामागे सरासरी ३.६ पेशी. सगळं यदृच्छेने घडलं तरी पावणेतीन टक्के मणी रिकामे राहतात. पेरणी निम्मी केली तर हाच आकडा साडेसोळा टक्क्यांवर जातो. एमएससी एका मण्यावरून दुसऱ्यावर सहजासहजी उडी मारत नाहीत, त्यामुळे रिकामा मणी बहुधा रिकामाच राहतो. माध्यम वाचवण्यासाठी पेरणी विरळ करू नका.

पहिले १८ ते २४ तास निम्म्या घनफळात, म्हणजे २५ लिटरमध्ये ठेवा. पाच मिनिटं मंद ढवळायचं आणि पंचवीस ते तीस मिनिटं थांबायचं, हे चक्र चालू ठेवा. सलग ढवळलं तर पेशी चिकटत नाहीत. सलग थांबलं तर तळातले मणी एकमेकांना पेशींनी जोडले जातात. दुसऱ्या दिवशी वर तरंगणाऱ्या पेशी मोजा. पेरलेल्या पेशींपैकी ८५ टक्क्यांहून जास्त चिकटलेल्या असाव्यात. तसं नसेल तर आधी पेशींचा इतिहास तपासा : मागच्या टप्प्यात ट्रिप्सिन (पेशी सोडवणारं एन्झाइम) जास्त वेळ लागलं होतं का, दाट झालेल्या स्टॅकमधून काढल्या होत्या का. मण्यांच्या लॉटवर संशय त्यानंतर घ्यावा. फेस आणि बुडबुड्यांपासून बचाव म्हणून प्ल्युरॉनिक घालायची सवय असेल तर चिकटण्याचा टप्पा पार पडेपर्यंत ते थांबवा.

किती वेगाने ढवळायचं

दोन मर्यादा शोधा. खालची मर्यादा म्हणजे सगळे मणी तळ सोडून नुकतेच तरंगू लागतात तो वेग. वरची मर्यादा प्रवाहातल्या सगळ्यात बारीक भोवऱ्यांवरून ठरते : त्यांचा आकार मण्याच्या व्यासाच्या साठ-सत्तर टक्क्यांखाली गेला की मण्यावरच्या पेशी खरवडल्या जातात.

३ लिटरच्या टाकीत ७ सेंटिमीटरचा इंपेलर (ढवळायचं पातं) मिनिटाला ६० फेऱ्यांनी चांगला चालतो असं समजा, आणि त्यात तरंगण्याचा किमान वेग ५० आहे. ५० लिटरच्या, त्याच प्रमाणातल्या टाकीत इंपेलर १७.५ सेंटिमीटरचा असेल. घनफळामागे तीच शक्ती द्यायची तर व्यासाच्या गुणोत्तराचा दोन-तृतीयांश घात घ्या : ६० च्या जागी सुमारे ३३ फेऱ्या येतात. तरंगण्याचा किमान वेग मात्र ०.८५ घाताने उतरतो, म्हणजे २३. दोन्हींमधलं गुणोत्तर मोठ्या टाकीत वाढलं आहे, ही आनंदाची बातमी. २५ ते ३३ च्या दरम्यान कुठेही काम करता येतं, आणि सुरुवात खालच्या टोकापासून करावी. इंपेलरच्या टोकाचा वेग तसाच ठेवून आकार वाढवण्याची पद्धत जीवाणूंच्या कारखान्यातून आली आहे. मण्यांसाठी ती वापरू नका, कारण त्या हिशेबाने मोठ्या टाकीत २४ फेऱ्या येतात, म्हणजे तरंगण्याच्या किमान वेगाच्या जेमतेम वर.

ऑक्सिजनची फार काळजी करू नये. एमएससीची ऑक्सिजनची भूक इतकी कमी, आणि मिलिलिटरला दोन-अडीच लाख ही दाटी इतकी विरळ, की ५० लिटरलाही वरच्या पोकळीतून सोडलेली हवा बहुधा पुरते. खालून बुडबुडे सोडायची वेळ आलीच तर छिद्रं मोठी ठेवा आणि प्रवाह कमी.

वाढीचे दिवस

तिसऱ्या दिवशी ढवळणं थांबवून वरचं निम्मं माध्यम बदला. ग्लुकोज, लॅक्टेट आणि अमोनिया रोज मोजा. लॅक्टेट ३५ मिलिमोलारच्या आसपास गेलं की वाढ मंदावते. ग्लुटामाइन भरपूर असलेल्या माध्यमात मात्र अमोनिया त्याआधीच त्रास देतो, २ मिलिमोलारच्या पुढे सावध राहा.

मोजणीसाठी ट्रिप्सिनने पेशी सोडवून मोजण्यापेक्षा केंद्रकं मोजणं भरवशाचं. मणी धुऊन ०.१ मोलार सायट्रिक आम्लातल्या ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेटमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवा, जोरात हलवा, आणि सुटलेली जांभळी केंद्रकं हिमोसायटोमीटरवर मोजा. शिवाय रोज एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवा. चौथ्या-पाचव्या दिवशी मणी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटायला लागतात. तीन-चार मण्यांचे गुच्छ चालतात. दहा-पंधरांचे दिसू लागले तर त्याच दिवशी हार्वेस्ट करा, मग ठरलेला आकडा गाठला असो वा नसो. मोठ्या गुच्छातल्या आतल्या पेशी मरतात, आणि त्यांच्यातून सांडलेला डीएनए पुढे सगळ्या पेशींचा चिकट गोळा करतो.

हार्वेस्ट

१. ढवळणं थांबवा. मणी सेकंदाला सुमारे ०.६ मिलिमीटर वेगाने खाली बसतात; ५० सेंटिमीटर खोल टाकीत चौदा-पंधरा मिनिटं लागतात. छोट्या टाकीत हेच काम पाच-सहा मिनिटांत होत असे, म्हणून वेळापत्रक नव्याने आखा.

२. वरचा द्रव काढून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या कोमट पीबीएसने दोनदा धुवा. सीरम किंवा लायसेट उरलं तर ट्रिप्सिनचं काम अडतं; हार्वेस्ट फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. पीबीएसच्या पिशव्या आदल्या संध्याकाळीच ३७ अंशांवर ठेवा. २५ लिटर थंड द्रव आयत्या वेळी गरम होत नाही.

३. इंपेलर नीट बुडेल इतक्याच घनफळात एन्झाइम घाला. प्राणिजन्य ट्रिप्सिनऐवजी ट्रिपल-ईसारखं रिकॉम्बिनंट एन्झाइम घ्या.

४. आता ढवळण्याचा वेग थोड्या वेळासाठी, सात ते दहा मिनिटं, वाढीच्या दिवसांतल्या वेगाच्या कितीतरी पुढे न्या. ऐकायला हे धाडसाचं वाटतं. पण पेशी १५ ते २० मायक्रॉनची. मण्यावर असते तोपर्यंत तिला भोवऱ्याची ओढ बसते, सुटल्यावर मात्र ती भोवऱ्यापेक्षा बरीच लहान असल्याने त्याच्याबरोबर वाहत जाते. इथे भित्रेपणाने हळू ढवळून एन्झाइमचा वेळ वाढवला तर पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात, आणि नंतर सीडी१०५ (एमएससी ओळखायची पृष्ठभागावरची एक खूण) कमी का दिसतो याचा शोध घेत बसावं लागतं.

५. नमुना पाहा. ९० टक्के मणी उघडे दिसले की एन्झाइम थांबवणारा द्रव घाला आणि लगेच गाळायला घ्या.

गाळणी दोन टप्प्यांची असावी : आधी ७० ते १०० मायक्रॉनची जाळी, मग तुटलेल्या मण्यांच्या चुऱ्यासाठी ४० मायक्रॉनची. १.१ किलो मण्यांचा थर पावणेदोन लिटरच्या आसपास भरतो. जाळीची पिशवी त्याहून मोठी हवी. थरातल्या फटींत अर्धा-पाऊण लिटर पेशीमिश्रित द्रव अडकून राहतो, म्हणून दोनदा धुऊन तोही गोळा करा.

घट्ट करणं आणि भरणं

गाळल्यावर ३० लिटरमध्ये मिलिलिटरला साधारण ३.३ लाख पेशी असतात. बॅगेत हव्यात एक कोटी. बादलीसारख्या सेंट्रिफ्यूजमध्ये हे घनफळ बसत नाही. पोकळ तंतूंच्या फिल्टरवर टँजेन्शिअल (फिल्टरला समांतर वाहणारा) प्रवाह, किंवा उलट प्रवाहाचं सलग सेंट्रिफ्यूज, हे दोन मार्ग आहेत. पहिला स्वस्त, पण तंतूंतला शिअर (द्रवाचे थर एकमेकांवर घसरण्याचा दर) सेकंदाला २,००० ते ३,००० च्या आत राखावा लागतो. दुसऱ्यात पेशी तरंगत्या थरात धुतल्या जातात, एन्झाइम आणि अल्ब्युमिन चांगलं निघतं; यंत्र परवडत असेल तर तेच घ्यावं. एन्झाइम घातल्यापासून गोठवणं सुरू होईपर्यंत सहा तासांपेक्षा जास्त लागू देऊ नका.

भरताना घड्याळ आणखी कडक होतं. डीएमएसओ (गोठताना पेशींना वाचवणारं रसायन) घातल्यावर सामान्य तापमानाला पेशी तासाभरापेक्षा जास्त ठेवू नयेत. ५५ बॅगा, दर बॅगेला दीड मिनिट म्हणजे ८२ मिनिटं. गणित तिथेच फसतं. उपाय तीन : पेशी आणि गोठवणद्रव २ ते ८ अंशांवर ठेवा, भरणं दोन तुकड्यांत करा आणि दुसऱ्या तुकडीत डीएमएसओ नंतर घाला, किंवा एका वेळी अनेक बॅगा भरणारी नळीरचना लावा. पेशी पिशवीच्या तळाशी बसत जातात. सलग ढवळत राहिलं नाही तर पहिल्या आणि शेवटच्या बॅगेतल्या मात्रेत फरक पडतो. पहिली, मधली आणि शेवटची बॅग मोजून पाहा.

नियंत्रित फ्रीजरमध्ये मिनिटाला १ अंश या दराने उणे ४० ते ५० पर्यंत न्या, मग वेग वाढवून उणे १०० पर्यंत, आणि तिथून द्रव नायट्रोजनच्या वाफेत. उणे ५ ते ८ अंशांच्या दरम्यान बर्फ धरताना उष्णता बाहेर पडून तापमान उसळी घेतं. ५५ बॅगांनी भरलेल्या फ्रीजरमध्ये ही उसळी पाच बॅगांच्या चाचणीपेक्षा वेगळी असते. पूर्ण भरलेल्या फ्रीजरवरच पडताळणी करा, कोपऱ्यातल्या बॅगांत तापमापक घालून.

बॅच बाहेर सोडण्याआधीच्या चाचण्या

ओळखीसाठी २००६ सालचे आयएससीटी या पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे निकष अजूनही आधार आहेत : सीडी७३, सीडी९०, सीडी१०५ हे ९५ टक्क्यांहून जास्त, सीडी४५, सीडी३४, सीडी१४, सीडी१९ आणि एचएलए-डीआर २ टक्क्यांच्या आत, हाड, चरबी आणि कूर्चा या तिन्हींकडे वळण्याची क्षमता. त्यापुढे १४ दिवसांची निर्जंतुकता चाचणी, मायकोप्लाझ्मा, किलोमागे तासाला ५ युनिटांच्या आत एंडोटॉक्सिन (जीवाणूंचं विष), कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी), उरलेलं एन्झाइम, मण्यांचे कण आणि वितळवल्यावर किमान ७० टक्के जिवंतपणा. या सगळ्यांत पोटन्सी, म्हणजे अपेक्षित काम करण्याची ताकद, सर्वात दुबळी कडी असते. प्रतिकारशक्ती शमवण्यासाठी उत्पादन असेल तर इंटरफेरॉन-गॅमा (दाहाचा इशारा देणारं प्रथिन) दिल्यावर आयडीओ हे प्रतिकारशक्ती शमवणारं एन्झाइम किती वाढतं हे मोजण्याचा मार्ग रूढ आहे. पण चाचणी उपचाराच्या दाव्याशी जुळली पाहिजे.

स्टॅकवरून मण्यांवर जाणं हा नियामकाच्या नजरेत प्रक्रियेतला मोठा बदल आहे. एकाच व्हायलच्या पेशी दोन भागांत वाटून दोन्ही पद्धतींनी वाढवा आणि तुलना करा, किमान तीन बॅचची. हे काम क्लिनिकल चाचणीच्या मधोमध करण्यापेक्षा पहिल्या रुग्णाआधी केलेलं स्वस्त पडतं. भारतात २०१९च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन नवं औषध मानलं जातं, म्हणून परवानगी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडूनच घ्यावी लागते. मूलपेशी संशोधनासाठी आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) यांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना त्याच्या जोडीला आहेत. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं स्टेमप्युसेल हे बर्गर रोगातल्या पायाच्या गंभीर रक्ताभावासाठीचं उत्पादन याच वाटेने गेलं. ते अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी एकत्र करून बनवतात, त्यामुळे दात्यादात्यातला फरक काही प्रमाणात सपाट होतो.

रुग्णालयाकडे बॅग जाताना सूचनापत्रक मराठीतही द्या. बॅग ३७ अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, बर्फाचा शेवटचा खडा दिसेपर्यंत. मग लगेच बाहेर काढायची, हलक्या हाताने उलटसुलट करायची, पुन्हा फ्रीजमध्ये किंवा बर्फात ठेवायची नाही. वितळवल्याची वेळ बॅगेच्या लेबलावर लिहायची, आणि पडताळणीत ठरलेल्या तासांच्या आत ती दिली गेली नाही तर टाकून द्यायची.